दोन स्पीकर घरीच बांधायचे आहेत: पेटीचा हिशोब तपासून द्याल का?

निषाद
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसत्या गप्पा चालल्या होत्या. आता वूफर आणि ट्वीटर घरात येऊन पडलेत, त्यामुळे माघार नाही. लाकूड कापायच्या आधी इथल्या जाणकारांनी एकदा नजर टाकावी म्हणून हा धागा.

टू-वे, म्हणजे खालच्या सुरांना वूफर आणि वरच्यांना ट्वीटर असलेल्या, स्पीकरची जोडी करायची आहे. ८ इंची वूफर, १ इंची सॉफ्ट डोम ट्वीटर. वूफरच्या डेटाशीटमधले आकडे: एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८, क्यूईएस ०.४२, व्हीएएस ६० लिटर, सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल, ८ ओहम. ट्वीटरचा एफएस ८५० हर्ट्झ, सेन्सिटिव्हिटी ९१. खोली साधारण ४ बाय ५ मीटर. ऐकण्यात गाणं आणि तालवाद्यं जास्त.

पेटी १८ मिमी एमडीएफची, ३० × ३० × ६० सेमी, म्हणजे ५४ लिटर. पुढच्या बाजूला पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायला पाइप बसवलेलं भोक. क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट) रेडीमेड मिळतो तो लावेन म्हणतो. जमलं तर भिंतीवर टांगायचे आहेत.

१. ५४ लिटर बरोबर आहे का?
२. पोर्टचा पाइप किती लांब घ्यायचा?
३. आणखी काय विचारायला हवं होतं जे मला सुचलेलं नाही?

रंधा
५४ लिटर बाहेरून. आवाजाला बाहेरचं माप कळत नाही. १८ मिमीची फळी दोन्ही बाजूंनी ३.६ सेमी खाते, म्हणून आतली मापं २६.४ × २६.४ × ५६.४. गुणाकार कर, ३९.३ लिटर येतात. त्यातून वूफरचा मॅग्नेट, पोर्टचा पाइप आणि आतले आडवे आधार मिळून चार-पाच लिटर गेले की हातात ३५.

शिवाय रुंदी आणि खोली सारखी ठेवू नकोस. आत समोरासमोरच्या फळ्यांत ध्वनी उभा राहतो. दोन मापं सारखी असली तर दोन्हीकडचं गुंजन एकाच फ्रीक्वेन्सीला येऊन बसतं.

ओहमशांती
रंधाकाकांना +१.

निषाद, पेटीचं माप आधी ठरवून मग वूफर त्यात कोंबायचा, हा उलटा कारभार आहे. किती लिटर हवेत ते वूफरच सांगतो. तू वर जे आकडे दिलेस त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर्स म्हणतात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात याची मांडणी केली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती पुढे नेली. हे आकडे हातात असले की अंदाजपंचे काम करायची गरज राहत नाही.

एफएस म्हणजे मोकळ्या हवेत कोन ज्या फ्रीक्वेन्सीला सगळ्यात सहज डोलतो ती. व्हीएएस म्हणजे जेवढ्या हवेची लवचीकता कोनच्या सस्पेन्शनइतकीच असते, तेवढं घनफळ. क्यूटीएस म्हणजे डोलायला लागलेल्या कोनला किती लगाम आहे त्याचं माप. आकडा जितका लहान तितका लगाम घट्ट. क्यूईएस म्हणजे त्या लगामातला मॅग्नेट-कॉइलचा (विद्युत) वाटा.

आता हिशोब. एफएसला क्यूईएसने भाग: ३२ ÷ ०.४२ = ७६. हा आकडा ५० च्या खाली असेल तर बंद पेटी, १०० च्या वर असेल तर पोर्टवाली, असा ढोबळ नियम आहे. तुझा मधोमध, म्हणजे दोन्ही चालेल.

बंद पेटीचं सूत्र: घनफळ = व्हीएएस ÷ ((क्यूटीसी ÷ क्यूटीएस)² − १). क्यूटीसी (वूफर पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.७०७ धरला की सपाट प्रतिसाद मिळतो. ०.७०७ ÷ ०.३८ म्हणजे १.८६, त्याचा वर्ग ३.४६, वजा १ = २.४६. ६० ला २.४६ ने भागलं की २४.४ लिटर. पेटीतला रेझोनन्स ३२ × १.८६, म्हणजे ६० हर्ट्झच्या आसपास, आणि तिथेच आवाज ३ डेसिबलने उतरलेला असेल.

पोर्टवाली करायची तर माझ्या मते ४५ लिटर, ट्यूनिंग (ज्या फ्रीक्वेन्सीला पोर्टमधली हवा सगळ्यात जोरात डोलते ती) ३४ हर्ट्झ. त्यात ३ डेसिबलचा उतार ३६ हर्ट्झच्या आसपास येतो. विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आकडे टाकून स्वतः आलेख बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. (हलके घ्या.)

सप्तक
तालवाद्यं ऐकणारा माणूस आहे आणि तुम्ही त्याला पोर्ट देताय? बंद पेटी कर. कारणं:

बंद पेटीचा बास ऑक्टेव्हला (फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ ने. खोलीच्या भिंती खालच्या बासला आपोआप थोडं उचलतात, त्यामुळे बंद पेटीचा तो सावकाश उतार खोलीत कागदावरच्यापेक्षा बराच भरलेला ऐकू येतो. थाप पडली की आवाज थांबतो, रेंगाळत नाही.

आणि पहिल्यांदा करणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: बंद पेटी मापातली गडबड पोटात घालते. २४ च्या जागी २० लिटर झाली तरी क्यूटीसी ०.७६ होतो. कानाला पत्ता लागणार नाही. पोर्टमध्ये एवढी गडबड करून बघा.

ओहमशांती
सप्तक, 'पोर्ट म्हणजे रेंगाळणारा बास' हे वाईट पोर्टवाल्या पेट्या ऐकून पसरलेलं मत आहे. लहान पेटीत ५०-५५ हर्ट्झला ट्यून करून फुगवलेला बास रेंगाळतो, हे मान्य. ३४ ला ट्यून केलेल्या पेटीत पोर्टची करामत बहुतेक वाद्यांच्या पट्टीखालीच चालते.

गडबड पोटात घालण्याचा मुद्दा मात्र एकदम मान्य. आणखी एक तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देतो: ट्यूनिंगच्या खाली पोर्टवाल्या पेटीत कोनला हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो. २० हर्ट्झचा गडगडाट असलेलं काही जोरात लावलं तर कोन हद्दीबाहेर जाऊ शकतो. अँप्लिफायरमध्ये सबसॉनिक (अगदी खालच्या फ्रीक्वेन्सी कापणारा) फिल्टर असेल तर चालू ठेवावा.

कोकिळ
दोघांचं भांडण वाचायला मजा येतेय. धागा वाचनखुणांत साठवला आहे.

बावळट प्रश्न: दोन्ही करून बघायचा काही मार्ग नाही का? एकच पेटी, हवं तेव्हा बंद, हवं तेव्हा उघडी?

ओहमशांती
बावळट अजिबात नाही. ४५ लिटरची पेटी करून पोर्टमध्ये दाट फोमचा बोळा घट्ट बसवला की ती बंद पेटी होते. हिशोब: क्यूटीसी = ०.३८ × वर्गमूळ (१ + ६० ÷ ४५) = ०.५८. म्हणजे २४ लिटरच्या पेटीपेक्षाही जास्त लगाम असलेला, थोडा रोडका पण अगदी चोख बास. स्पीकर भिंतीजवळ असतील तर हा रोडकेपणा भरून निघतो. उलट करता येत नाही, २४ लिटरच्या पेटीत नंतर पोर्ट घालून हे ट्यूनिंग जमणार नाही.

सप्तक
हे चालेल मला. पहिल्या आठवड्यात बोळा घालूनच ऐक, निषाद.

निषाद
मंडळी, आभार. ४५ लिटर, ३४ हर्ट्झ, सोबत बोळा. ठरलं. आता पोर्टची लांबी? नेटवर तीन ठिकाणी तीन उत्तरं आली.

ओहमशांती
व्यास वेगवेगळे धरले असतील, किंवा टोकाची दुरुस्ती (पाइपच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही सोबत हलते, त्याची वजावट) धरली नसेल. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो, तोच हा प्रकार. पेटीतली हवा स्प्रिंग, पाइपमधली हवा वजन. पाइप लांब केला की वजन वाढतं, सूर खाली जातो.

सूत्र सेंटिमीटर आणि लिटरमध्ये: लांबी = २३५६२.५ × व्यास² ÷ (ट्यूनिंग² × घनफळ) − ०.७३२ × व्यास.

७.५ सेमी व्यास, ३४ हर्ट्झ, ४५ लिटर: पहिला भाग २५.५, वजा ५.५, उत्तर २० सेमी.
१० सेमी व्यास घेतला तर ३८ सेमी. पेटीत मावणारच नाही, कोपर लावावं लागेल.
५ सेमी घेतला तर पावणेआठ सेमी पुरतात, पण एवढ्याशा भोकातून ८ इंची वूफरची हवा जाताना फुसफुस ऐकू येते.

म्हणून ७.५. ही लांबी समोरच्या फळीच्या जाडीसकट मोजायची. पाइपच्या आतल्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत किमान एक व्यासाएवढं अंतर मोकळं हवं.

रंधा
एक खोच सांगतो. पीव्हीसी पाइप ७५ मिमीचा म्हणून विकतात तो बाहेरचा व्यास. सूत्रात लागतो आतला. पाइप आणल्यावर कॅलिपर आत घालून मोज. आतून ७१ मिमी भरला तर हीच लांबी २० वरून साडेसतरा सेमीवर येते.

निषाद
अरे बापरे. हे कुठेच वाचलं नव्हतं. काका, कटिंग लिस्ट बघाल का? आत ५० लिटर धरतोय (४५ + पोर्ट १ + वूफर २ + आधार २). आतली मापं २८ × ३० × ६०.

रंधा
५०.४ लिटर. छान. एका पेटीसाठी:

समोरची आणि मागची फळी: ३१.६ × ६३.६, दोन.
वरची आणि खालची: ३१.६ × ३०, दोन.
बाजूच्या: ६० × ३०, दोन.

बाजूच्या फळ्या वरच्या-खालच्यांच्या मध्ये उभ्या राहतील, समोरची-मागची या चौकटीवर झाकणासारखी बसेल. दोन्ही पेट्यांच्या सगळ्या ३० सेमीच्या पट्ट्या करवतीचा गाइड न हलवता एका दमात काप. माप अर्धा मिमी चुकलं तरी सगळीकडे सारखं चुकेल आणि सांधा बसेल. मधेच गाइड हलवलास की फट आलीच. पात्याची जाडी ३ मिमीच्या आसपास असते, ती पूर्ण शीटवर आखणी करताना धरायला विसरू नकोस.

चौकट चिकटवताना गुण्यावर भागवू नकोस. चौकट क्लॅम्पमध्ये असताना समोरून दोन्ही कर्ण मोज. दोन्ही ७१ सेमी भरले पाहिजेत. एक ७१.२ आणि दुसरा ७०.८ आला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर आडवा क्लॅम्प लावून हलकेच आवळ, गोंद ओला आहे तोवर चौकट सरकते. गोंद सुकला की काही करता येत नाही.

पांढरा पीव्हीए गोंद पुरेसा आहे. सांध्यातून गोंदाची बारीक माळ बाहेर आली म्हणजे भरपूर लागला. आतून सगळ्या कोपऱ्यांना बोटाने आणखी एक थर दे, हवा सुटायला नको. स्क्रू एमडीएफच्या कडेत मारणार असशील तर आधी भोक पाड, नाहीतर फळी पदर सुटल्यासारखी उकलते. आणि कापताना चांगला मास्क लाव, साधं फडकं नको. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि तिच्यात फॉर्माल्डिहाइडवालं रेझिन असतं.

आतला आधार: बाजूच्या दोन फळ्यांना जोडणारी, मध्ये मोठी भोकं पाडलेली एक आडवी फळी. बरोबर मधोमध लावू नकोस, थोडी वर किंवा खाली.

आळशी_कारागीर
प्लायवुड का नको? एमडीएफ पाण्याचा थेंब पडला तरी फुगतं.

रंधा
चांगलं प्लायवुड हलकं आणि जास्त ताठ असतं, जरूर वापरावं. पण आत पोकळ्या असलेलं निघालं तर ती पोकळी कुठे खडखडेल सांगता येत नाही. एमडीएफ सगळीकडे सारखं, राउटर लोण्यासारखा फिरतो. रंगवण्याआधी कापलेल्या कडांना पातळ केलेल्या गोंदाचे दोन हात द्या, मग पाणीही पीत नाही आणि रंगही.

निषाद
वूफरचं भोक किती व्यासाचं? डेटाशीटमध्ये एक आकडा आहे, पण प्रत्यक्ष फ्रेम थोडी मोठी वाटते.

रंधा
वूफर हातात आहे ना? मग कॅलिपरने मोज, डेटाशीट बाजूला ठेव. आणि खरं भोक पाडण्याआधी टाकाऊ तुकड्यात तेवढंच भोक पाडून वूफर बसवून बघ. फ्रेम फळीत खोबणीत बसवायची असेल तर आधी खोबण, मग आरपार भोक. उलट केलंस तर राउटरच्या जिगला मध्यबिंदू उरत नाही.

वूफर बसवताना मागून टी-नट (फळीत रुतून बसणारा आट्यांचा नट). एमडीएफमध्ये थेट मारलेला स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की सैल होतो, आणि तू वूफर नक्की काढणार आहेस.

कोकिळ
क्रॉसओव्हरवर कोणीच बोललं नाही. रेडीमेड चालतो का?

ओहमशांती
आवाज येईल. पण पेटीसाठी एवढा हिशोब केल्यावर तिथे रेडीमेड लावणं मला पटत नाही.

रेडीमेड पट्टी वूफरला ८ ओहमचा रेझिस्टर समजते. वूफर तसा नसतो. व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे वरच्या फ्रीक्वेन्सीला त्याचा इम्पीडन्स चढत जातो, आणि क्रॉसओव्हर नेमका तिथेच काम करत असतो. मग कट-ऑफ लिहिलेल्या ठिकाणी पडतच नाही. दुसरं, अशा पट्ट्या बऱ्याचदा ३ किलोहर्ट्झच्या पुढे कापतात. ८ इंची कोन साधारण २ किलोहर्ट्झपासून आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकायला लागतो, बाजूला बसलेल्याला तो पट्टा कमी ऐकू येतो. तुझ्या ट्वीटरचा एफएस ८५० आहे, म्हणजे त्याच्या दुपटीच्या बराच वर, २२०० ला कापायला हरकत नाही.

सेकंड ऑर्डर लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हरची एक रचना) घेतला तर ८ ओहम आणि २२०० हर्ट्झला कागदावरची किंमत: कॅपॅसिटर ४.५ मायक्रोफॅरड, कॉइल १.१६ मिलिहेन्री, दोन्ही बाजूंना एकेक. यात ट्वीटर उलट पोलॅरिटीने जोडायचा, नाहीतर क्रॉसओव्हरच्या जागी खड्डा पडतो. या किमती फक्त सुरुवात म्हणून.

आता खरी गोम. समोरची फळी ३१.६ सेमी रुंद आहे. ११५ भागिले मीटरमधली रुंदी, म्हणजे साधारण ३६० हर्ट्झच्या आसपास आवाजाचं वागणं बदलतं. त्याच्या वर फळी आवाज पुढे ढकलते, खाली तो पेटीला वळसा घालून मागेही जातो. मोकळ्या जागेत हा फरक ६ डेसिबलपर्यंत जातो. त्याची भरपाई केली नाही तर स्पीकर कर्कश वाटतो आणि माणूस उगाच ट्वीटरला दोष देतो. भरपाई केली की वूफरची सेन्सिटिव्हिटी ८८ वरून ८४-८५ च्या घरात येते, ट्वीटर ९१ वर आहे, त्याला तेवढा एल-पॅड (आवाज कमी करणारे दोन रेझिस्टर) लावून खाली आणावा लागेल.

हे सगळं डोक्यात धरवत नाही. वूफर-ट्वीटर पेटीत बसव, मोजमापाचा मायक्रोफोन उसना मिळव, रूम इक्यू विझार्डमध्ये मापं घे आणि त्यावरून विटूक्सकॅडमध्ये क्रॉसओव्हर जुळव. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. तोपर्यंत सुटे भाग लाकडाच्या पट्टीवर पेटीबाहेरच जोड. कॉइल एकमेकींना काटकोनात आणि लांब ठेव.

सप्तक
इथे मात्र ओहमशांतींशी पूर्ण सहमत. पुन्हा होणे नाही.

आळशी_कारागीर
भिंतीवर टांगायचं काय झालं?

रंधा
विसरा. एका पेटीत जवळजवळ एक चौरस मीटर फळी लागतेय, १८ मिमी जाडीची. नुसतं लाकूडच १३ किलो. वर वूफर, ट्वीटर, कॉइल. असलं धूड डोक्यावर आणि ते थरथरतही राहणार. स्टँडवर ठेव, खाली जड बूड कर.

ओहमशांती
स्टँडची उंची अशी की बसल्यावर ट्वीटर कानाच्या पातळीत येईल. मागच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरने सुरुवात कर. कोपऱ्यात ढकललास तर बास फुगेल. दोन्ही स्पीकर आणि तुझं डोकं मिळून समभुज त्रिकोण.

वायर: १.५ चौरस मिमी तांबं. ५ मीटर लांबीला जाऊन-येऊन १० मीटर, एकूण ०.१२ ओहमही होत नाही. ८ ओहमपुढे काहीच नाही. महागड्या वायरींवर इथे भांडण नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

तिसरा_मजला
अवांतर: खाली राहणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्टँडखाली रबर लावलं तर पुरतं का? माझं आधीच एकदा बोलणं खाऊन झालंय.

ओहमशांती
रबराने स्टँडमधून जमिनीत जाणारी थरथर कमी होते. ४० हर्ट्झचा बास हवेतून येऊन जमिनीलाच हलवतो, त्याला रबर काय करणार. रात्री फोमचा बोळा घालायचा. तोही पुरला नाही तर हेडफोन.

निषाद
आधी एकच पेटी पूर्ण करतो, दुसरीच्या फळ्या कापून ठेवतो. शेवटचे दोन प्रश्न. वूफरची पोलॅरिटी खात्रीने कशी तपासायची? आणि पेटी खरंच ३४ ला ट्यून झाली आहे हे कळणार कसं?

ओहमशांती
पोलॅरिटी: १.५ व्होल्टचा सेल, क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला तर सेलचं धन टोक लागलं तो टर्मिनल धन. फक्त वूफरसाठी. ट्वीटरला सेल लावू नकोस, त्याच्या टर्मिनलवरची खूण बघ.

ट्यूनिंग: फोनवर टोन जनरेटर घे, आवाज बेताचा ठेव, ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झने खाली ये. कोनवर बाजूने टॉर्च मारून बघ. थरथर कमी कमी होत एका ठिकाणी कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टसमोर धरलेला कागद मात्र जोरात फडफडतो. तीच तुझी ट्यूनिंग फ्रीक्वेन्सी. आणखी खाली गेलास की कोन पुन्हा हलायला लागतो.

रंधा
म्हणून पाइप हिशोबापेक्षा दोन सेमी लांब ठेव आणि चिकटवू नकोस, टेपचा वेढा देऊन भोकात नुसता घट्ट बसव. ३४ च्या खाली आलं तर काढून अर्धा-अर्धा सेमी काप आणि परत मोज. मनासारखं आलं की मग गोंद.